चष्म्याच्या घरातल्या चार गोळ्या

माई, तुमच्या चष्म्याच्या घरात चार गोळ्या सापडल्या.

तुमचं सामान मीच आवरत होते. ज्योतीताई, तुमची लेक, बाहेर बाकावर बसून एकेका नातेवाइकाला फोन करत होत्या आणि प्रत्येकाला तेच तेच सांगत होत्या. मी टॉवेलाची घडी केली, कंगवा घेतला, पावडरीचा डबा घेतला, अर्धी संपलेली मोरावळ्याची बरणी फडक्यात बांधली. चष्मा उशीखाली राहिला होता, तो ठेवावा म्हणून चष्म्याचं घर उघडलं, तर आतल्या निळ्या फडक्यात चार पांढऱ्या गोळ्या होत्या. सूज उतरायची, लघवी होऊन अंगातलं पाणी जायची गोळी. रोज सकाळी एक, अशा चार सकाळच्या चार. आणि तुमच्या चार्टवर त्याच चार सकाळी 'दिली' म्हणून माझ्या चार खुणा, शेजारी माझी सही.

मी इकडेतिकडे बघितलं आणि गोळ्या युनिफॉर्मच्या खिशात टाकल्या. चष्मा घरात घातला, पिशवीची गाठ मारली आणि पिशवी नेऊन ज्योतीताईंच्या हातात दिली. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "संजना, तू होतीस म्हणून आईचे शेवटचे दिवस तरी बरे गेले." मी मान हलवली. माई, मी चक्क मान हलवली.

आज नववा दिवस. त्या गोळ्यांचं मी काय केलं ते तुम्हाला सांगायचंय. पण एकदम सांगता येत नाही, तोंडच उघडत नाही. तेव्हा थोडं मागून येते. तुम्ही मधे तोडू नका. जिवंतपणी कधी मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीत, आता तरी ऐका.

तीन वर्षांपूर्वी मी देवगडहून आपल्या रुग्णालयात आले तेव्हा तुम्ही बायकांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर होतात. सोळा खाटा, आणि तुमचा आवाज पार औषधाच्या खिडकीपर्यंत. सगळे तुम्हाला माई म्हणत, डॉक्टरसुद्धा. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या नव्या कोऱ्या युनिफॉर्मकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "इस्त्री झकास आसा. आता माणसां कशी इचारतस ती बघूया."

मला काही कळलं नाही. मी एका म्हातारीला गोड आवाजात विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "व्हय." दुसरीला विचारलं, "जेवलात ना?" ती म्हणाली, "व्हय." मी खूश. तुम्ही मला कोपऱ्यात ओढलंत. "त्या दुसरीन कालपासून घोटभर पेज घेवक नाय. चेडवा, हयली माणसां देवळात गाऱ्हाणा आयकणत नाय, नुसती 'व्हय म्हाराजा' म्हणतत. तीच सवय दवाखान्यात. तू काय पण इचार, ती 'व्हय' म्हणतली. 'व्हय' म्हणाक जागाच ठेवू नको."

मी हसले. आमच्या गावीही तसंच. देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालणार, बा देवा म्हाराजा, लेकरांचा काय चुकला माकला असात तर पदरात घे, आणि मागे सगळा गाव एका आवाजात म्हणणार, व्हय म्हाराजा! कशाला होकार देतोय ते कुणाच्या कानात शिरलेलं असतं? मुलांचं लक्ष तर खोबऱ्याच्या शेरणीकडे, प्रसादाकडे. मी स्वतः कितीतरी वेळा तशी ओरडलेय.

तुमचे वडील गावकार होते. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तुमच्या घराचा, पण तुम्ही बाई, तुम्हाला तो कुठून मिळणार? म्हणून तुम्ही तो वॉर्डात आणलात, असं माझं मत आहे. सकाळच्या ओव्हरला, एका पाळीनं दुसरीच्या हाती पेशंट सोपवताना, सगळं सांगून झालं की तुम्ही नव्या मुलींकडे वळायचात. "हां. आता गाऱ्हाणा." प्रत्येकीनं आदल्या दिवशी आपलं काय चुकलं ते एका वाक्यात सांगायचं. सलाईन उशिरा बदललं. ताप लिहायचा राहिला. पट्टी घट्ट बांधली. सांगून झालं की तुम्ही एकट्याच गंभीर चेहऱ्यानं म्हणायचात, "व्हय म्हाराजा," आणि पुढच्या खाटेकडे चालू लागायचात. त्या दोन शब्दांनी माणूस मोकळा व्हायचा. मला मात्र त्याचा भयंकर राग यायचा. शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटायचं.

मग ती आनंदी आजी. तुम्हाला आठवत असणारच. सात नंबरला एक आनंदी, आठ नंबरला एक आनंदी. सातची साखरेची पेशंट, आठची पायाच्या जखमेसाठी आलेली. मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते आणि मी स्वतःला फार हुशार समजायला लागले होते. सकाळची इन्शुलिनची सुई भरली, खाटेजवळ गेले आणि विचारलं, "आनंदी आजी ना?"

"व्हय," आठ नंबर म्हणाली. खोटं कुठे होतं ते?

मी सुई दिली आणि पुढे गेले. अर्ध्या तासानं तुम्ही पेज वाढणाऱ्या मावशींबरोबर फिरत होतात. आठ नंबरपाशी थांबलात. मला हाक मारलीत, मोठ्यानं नाही. "गो, हिचो हात बघ. थंडगार लागता. आणि ह्यो घाम कित्याक? सकाळी हिका सुई कोणी दिली?"

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडाचा मागीर. आधी साखर घेवन ये. धाव!"

आजी वाचली. दुपारी उठून बसली, तिनं पेजेबरोबर लोणचं मागितलं. मला वाटलं, सुटले. तर तुम्ही मला डॉक्टरांसमोर उभं केलंत, आणि चार वाजता आजीचा मुलगा आला तेव्हा त्याच्यासमोरही. तुम्ही म्हणालात, "हिका कायतरी सांगूचा आसा." आणि बाकीचं माझ्यावर सोडलंत. मी सांगितलं, की तुमच्या आवशीक चुकीची सुई दिली, चूक माझी. तो माणूस इतका ओरडला की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावले. "शिरा पडो तुमच्या तोंडार! माणसां मारूक बसलास हय?" तुम्ही माझ्या अर्धं पाऊल पुढे उभ्या होतात. तेव्हा मला ते दिसलंच नाही, मला फक्त लाज दिसत होती.

आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. नवव्या दिवशी तुम्ही माझ्या डब्यात न विचारता बांगड्याचं झणझणीत तिखलं ओतलंत, आणि मी भांडायला सुरुवात केली. आपलं ते भांडण शेवटपर्यंत संपलं नाही, माई. मी म्हणायचे, "आजी बरी झाली होती ना? मग घरच्यांक सांगूची काय गरज होती? उद्या चार माणसं आणून मारला असता माका!" तुम्ही म्हणायचात, "मारला असता तर आधी माका मारला असता, मी फुडे उभी होतंय. आणि ती घराक जावन परत घामान भिजली असती, तर तेना डॉक्टराक काय सांगला असता? आपल्या आवशीक काय झाला, ता तेका माहीत नको?" मी म्हणायचे, "डॉक्टरांच्या कागदावर होता." तुम्ही म्हणायचात, "कागद तेच्या घरात रवता काय?"

निवृत्तीच्या दिवशीही, हार गळ्यात असताना, तुम्ही मला विचारलंत, "अजून पटला नाय मां तुका?" मी म्हटलं, "नाय." तुम्ही हसलात. "बरा. पटतला." तेव्हा ते तुमचं नेहमीचं हट्टी बोलणं वाटलं होतं.

आणि मग या महिन्यात तुम्ही आलात, पेशंट म्हणून. पाय सुजलेले, दोन जिने चढल्यासारखा दम. डॉक्टर म्हणाले, हृदय जरा कमी पडतंय, गोळ्या सुरू करू, चार-पाच दिवसांत पाणी उतरेल. तुम्हाला मीच अकरा नंबरची खाट दिली, खिडकीजवळची, जिथून माडांमधून खाडी दिसते. सकाळची पाळी माझी. मनात म्हटलं, बघाच आता माई, तुमची शिष्या कशी काम करते ते.

पहिल्या सकाळी गोळी तुमच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. तेवढ्यात तीन नंबरचं सलाईन संपलं म्हणून कुणीतरी ओरडलं. मी वळले, सलाईन बदललं, परत आले. पेला अर्धा रिकामा. मी विचारलं, "माई, गोळी घेतलास मां?"

"व्हय म्हाराजा," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिचकावलेत.

मी हसत हसत चार्टवर खूण केली. आता सांगा, दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, आजी, तोंड उघडा, जीभ वर करा. तुम्हीच शिकवलेलं. गोळी पोटात गेलेली बघितल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही. पण तुम्हाला कशी सांगणार मी जीभ वर करायला? तीसेक वर्षं जिनं गावाला गोळ्या भरवल्या तिला? मला लाज वाटली. मान ठेवला मी तुमचा, माई. तो मान तुम्हाला असा बाधला.

दुसऱ्या सकाळी तुम्ही न्हाणीच्या दारात भिंत धरून उभ्या होतात, धापा टाकत. मी धावले. "हाक मारूची ना! मी खाटेवर भांडा दिलंय असता!" तुम्ही माझा हात झटकलात. "तुका भांडा देवक लावू? सोळा खाटी तुझ्यावर, त्यात माझा भांडा!" मी तुम्हाला रागावले, तुम्ही मला रागावलात, शेजारची बाई हसली. गोळी दिली. घेतलास मां? व्हय म्हाराजा. खूण.

तिसऱ्या सकाळी तुमच्या हातातली अंगठी रुतली होती. तुम्ही ती दुसऱ्या हातानं झाकत होतात. पायाच्या सुजेवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला, मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले तरी भरला नाही. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली होती, माईंनी तिसरी उशी मागितली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिसऱ्या उशीचा अर्थ, म्हणजे छातीत पाणी चढतंय, आडवं पडवत नाही, हा मला परीक्षेत विचारला असता तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण चार्टवर खूण होती ना! औषध जातंय, मग सूज आजाराची. मी माझ्याच खुणेवर विश्वास ठेवला.

डॉक्टरांनीही ठेवला. त्याच दुपारी चार्ट हातात घेऊन ते ज्योतीताईंना म्हणाले, "गोळी रोज जातेय, तरी फरक नाही. म्हणजे हृदयच थकलंय. गोव्याच्या मोठ्या रुग्णालयात हलवून त्यांचे हाल करण्यात अर्थ नाही. मन घट्ट करा." मी शेजारी उभी होते. ज्योतीताई रडल्या, मी त्यांना पाणी आणून दिलं.

चौथ्या सकाळी तुम्ही बोलला नाहीत फारसं. मी गोळी दिली, विचारलं. तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात. बराच वेळ, माई. काहीतरी विचारायचंय अशा नजरेनं. मग म्हणालात, "व्हय," आणि यावेळी म्हाराजा नव्हता. मला तेव्हा खटकलं. पण तीन नवे पेशंट दारात उभे होते, आणि मी पेन काढलं.

पाचव्या सकाळी मी पाळीवर आले तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, सगळं केलं. साडेदहाला तुम्ही गेलात. खाडीवर लख्ख ऊन होतं आणि पलीकडे कुणीतरी जाळं झटकत होतं.

गोळ्या मी घरी नेल्या. कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवल्या. फेकून देता आल्या असत्या, इथे समुद्र काय कमी आहे? दोनदा धक्क्यापर्यंत जाऊन परत आले. आधी मला तुमचा राग आला. खोटं कशाला सांगायचं, भयंकर राग आला. फसवलंत मला! ज्या बाईनं मला शिकवलं तिनंच चार दिवस माझ्या डोळ्यांत धूळ फेकली! गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागणार, त्या भांड्याची लाज वाटली म्हणून? एवढीशी लाज? मी तुमची घाण काढली असती, माई, आनंदानं काढली असती. माझी आई आपल्या वॉर्डात दाखल होती तेव्हा तुम्ही तिचं सगळं काढलंत, तिनं लाज धरली होती का?

मग राग उतरला, आणि खाली भीती होती. तुम्हाला अंत्यसंस्काराला नेलं तेव्हा लोक माझ्याकडे बघून म्हणत होते, हिनं फार केलं हो माईंचं. मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, खिसा दाखव.

कुणीतरी बघितलं होतंच. अश्विनी, आपल्याकडे दीड महिन्यापूर्वी लागलेली नवी मुलगी. तुम्ही तिला बघितलंत, दोन वेण्या घालून यायची ती. मी चष्म्याच्या घरातून गोळ्या काढल्या तेव्हा ती चादर घेऊन मागे उभी होती. तिनं विचारलं, "सिस्टर, त्या कसल्या गोळ्या?" मी म्हटलं, "काही नाही, जुन्या आहेत." ती म्हणाली, "बरं." पोर बिचारी, सिनिअरवर विश्वास ठेवणारी. त्यानंतर ती समोर आली की मी दुसरीकडे वळायचे. ओव्हरला नव्या मुलींना काय चुकलं ते विचारणंही मी बंद केलं. तुमच्या निवृत्तीनंतर ती प्रथा मी चालवत होते, तुम्हाला ठाऊक आहे, फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं धाडस कधी केलं नव्हतं. कुणीही विचारलं नाही का बंद केली म्हणून. उलट सगळ्यांना बरंच वाटलं असेल.

सातव्या दिवशी सकाळी मी औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होते. अकरा नंबरला नवी आजी आली होती, तुमच्याच खाटेवर, पाय सुजलेले. अश्विनी तिला गोळी देत होती. हातावर ठेवली, पेला दिला, दाराकडे बघितलं, परत वळली. आणि माझ्याच आवाजात, माझ्याच लाडीक सुरात म्हणाली, "आजी, गोळी घेतलास मां?"

"व्हय," आजी म्हणाली.

अश्विनीनं पेन काढलं.

माझ्या हातातली बाटली सुटली. काचा सगळीकडे. मी "थांब!" म्हणून इतकी मोठ्यानं ओरडले की आजी दचकली. मी गेले, आजीची मूठ उघडली. गोळी मुठीतच होती. ओली झालेली, बोटांना पांढरी भुकटी लागलेली. आजी ओशाळून म्हणाली, "कडू लागता गो, पेजेबरोबर घेतलंय असतंय." अश्विनी माझ्याकडे बघत होती. "सिस्टर, तुम्ही असंच विचारता ना, म्हणून मी..." आणि थांबली. तिला तेव्हा त्या चार गोळ्या आठवल्या असाव्यात. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मी पाळी संपायची वाट बघितली नाही. घरी गेले, डबी आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवली.

त्यांनी गोळ्या मोजल्या, चार्ट मागवून खुणा मोजल्या. मग म्हणाले, "गोळी पोटात जात नाही हे मला कळलं असतं तर मी तिसऱ्याच दिवशी इंजेक्शन सुरू केलं असतं." मी विचारलं, "वाचल्या असत्या?" ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. पण नसत्याच वाचल्या, असंही मी तुला सांगणार नाही." त्यांनी माझं लेखी घेतलं. ते वर जाईल. पुढे काय होईल ते त्यांना माहीत नाही आणि मलाही. ते म्हणाले, "घरच्यांना आपण रीतसर कळवू." मी म्हटलं, "नाही डॉक्टर. मी जाते."

काल दुपारी तुमच्या घरी गेले. तुमच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली, तुळशीपाशी दिवा. ज्योतीताई पडवीत बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, "ये गो, चाय ठेवतंय..." म्हणून उठायला लागल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. एकही शब्द गिळला नाही. चार गोळ्या, चार खुणा, चष्म्याचं घर, माझा खिसा, आणि त्यांच्यासमोर हललेली माझी मान. माझ्या पुढे अर्धं पाऊल उभं राहायला कुणी नव्हतं, माई. ती जागा मला तिथे पहिल्यांदा दिसली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आत गेल्या, चष्म्याचं घर घेऊन आल्या, उघडून निळं फडकं बघितलं. मग एकच विचारलं.

"तिनं त्या फेकून का नाही दिल्या? खिडकी शेजारी होती. जपून कशाला ठेवल्या?"



त्या म्हणाल्या, "आता जा तू. दहाव्याक येव नको. बाराव्याक पण येव नको." चष्म्याचं घर हातात तसंच घट्ट धरून त्या आत गेल्या. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले, एसटी येईपर्यंत.

काल रात्रभर आणि आज दिवसभर मी त्याच प्रश्नापाशी आहे. का ठेवल्यात, माई? बऱ्या होऊन घरी जाताना माझ्या हातावर ओतणार होतात का? "बघ, चार दिवस फसवलंय तुका, काय शिकलंस?" म्हणून? की चौथ्या सकाळी, जेव्हा एवढा वेळ माझ्याकडे बघत होतात, तेव्हा मी विचारेन म्हणून वाट बघत होतात? मी तुमच्या पद्धतीनं विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, हे मला पक्कं ठाऊक आहे. खोटं उत्तर द्यायला मीच तुम्हाला जागा करून दिली.

आज सकाळी ओव्हरला सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "थांबा. गाऱ्हाणा आसा. माझा." आणि सांगितलं. तुमच्या नियमानं एका वाक्यात सांगायचं होतं, मला पाच लागली. शेवटी मी थांबले, आणि सवयीनं वाट बघितली. व्हय म्हाराजा म्हणायला कुणीच नव्हतं. तुम्ही कुणाला तो अधिकार देऊनच गेला नाहीत. मग आम्ही तशाच पुढच्या खाटेकडे गेलो.

अकरा नंबरला अश्विनीनं आजीला गोळी दिली. मी मागे उभी होते. तिनं घेतलीस का असं विचारलं नाही, गोळी कुठे आहे ते विचारलं, "आजी, गोळी खंय आसा? तोंड उघडा. जीभ वर करा बघू." आजी कुरकुरली, पण तिनं तोंड उघडलं. अश्विनी वाकली, नीट बघितलं, आणि मगच पेन काढलं.

भांडण तुम्ही जिंकलात, माई. पटलं मला. तुम्हाला हे ऐकायचं होतं ना? घ्या. पण आता माझंही एक ऐका. चार सकाळी जो प्रश्न विचारायचा राहिला तो आज विचारते, तुम्ही शिकवलात तसा. 'व्हय' म्हणून सुटू नका.

माई, गोळी खंय आसा? मूठ उघडा. दाखवा माका.